खुंटीवरची टोपी

थांगरिंग, किन्नौर
९ ऑक्टोबर १९९१

ग्याछो,

चार वर्षांनी तुझं पत्र आलं आणि त्याच्या डोक्यावर ‘आदरणीय वहिनी’. पुढचं वाचलं नसतं तरी चाललं असतं. तरी वाचलं, दोनदा. दुसऱ्यांदा वाचलं ते तुझं अक्षर बिघडलंय का ते बघायला. बिघडलंय.

तर नवनीत. रोपडची, बँकेत नोकरीला, उंच, राजमा छान करते. एवढं तू लिहिलंस. तिच्या वडिलांनी विचारलं, मुलाचं आधी लग्नबिग्न काही, आणि तू खरं ते सांगून टाकलंस. हे मला आवडलं. आमच्याकडे भावाभावांत मिळून एकच बायको असते म्हणालास, आणि ते गृहस्थ चहाचा कप हातात घेऊन तसेच बसून राहिले. बिचारे! त्यांना पाणी तरी दिलंस का?

पण मग तू लिहितोस की ते लग्न नव्हतंच मुळी. तू बारा वर्षांचा होतास, आमाने दादाच्या शेजारी फेटा बांधून बसवलं आणि तुला झोप लागली. झोप लागली हे खरं. माझ्याच खांद्यावर लागली, आणि माझ्या नव्या शालीचा काठ लाळेने भिजला. मी एकोणीस वर्षांची. नवरी म्हणून आले आणि पहिल्याच दिवशी दोघांतला एक नवरा मांडीवर घेऊन बसले. मला तरी ते लग्नच वाटलं होतं बाबा.

वकिलाचा कागद पोचला. सही करून पाठव म्हणतोस. इथं कागदाने कोणी सुटत नाही, तुला ठाऊक आहे. पंचांपुढे उभं राहायचं, वाळकी काठी धरायची, एक टोक तुझ्या हातात, एक माझ्या, आणि मोडायची. तोवर तुझ्या वकिलाने काहीही लिहिलं तरी थांगरिंगमध्ये तू माझा नवरा. तेव्हा यावं लागेल. पण आत्ता येऊ नकोस. सफरचंदं उतरवायची आहेत, मग झाडावर चढून चिलगोज्याच्या बिया काढायच्या. कुणाला वेळ नाही.

लग्नात घालायला तुझी टोपी हवी म्हणतोस. आहे. खोलीच्या दाराबाहेर, खुंटीवर. खुंटीचं नवनीतला सांगितलंस का? सांग. भाऊ दोन, खोली एक. जो आत जाईल त्याने टोपी बाहेर लावायची, दुसऱ्याने ती बघून मुकाट्याने चुलीकडे परतायचं. भांडण नाही, विचारपूस नाही. तिच्या वडिलांना मात्र सांगू नकोस, आणखी एक कप वाया जाईल.

दिकित तिसरीत गेली. धाकटे बाबा कधी येणार विचारते. मी सांगितलं, येतील.

भगती


२४ नोव्हेंबर १९९१

ग्याछो,

तुझी दोन पत्रं एकदम मिळाली. एक गोड, एक कडू. पोस्टमनने कडू आधी दिलं.

‘तू मुद्दाम अडकवून ठेवते आहेस,’ असं लिहिलंस. ‘तुला दादा आहे, घर आहे, मुलगी आहे, तरी मी सुटलेला तुला बघवत नाही.’ दिवा मोठा करून परत वाचलं. मला वाईट वाटलं. वाटलं तर वाटलं, ते काही लपवायचं नाही. पण तुझं म्हणणं चूक आहे, एवढंच आज सांगते. बरोबर काय ते आज सांगत नाही.

चिलगोजे यंदा बरे उतरले. तुझा दादा झाडावरून घसरला, पाठ धरली आहे. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतो, ‘पाठ माझी, तीच मला सांगेल काय झालंय ते.’ त्याला तुझ्या लग्नाचं सांगितलं. बराच वेळ लाकडं सारत बसला. मग म्हणाला, ‘राजमा करते म्हणालीस ना तू?’ मी म्हटलं, मी नाही, ग्याछो म्हणाला. ‘हां तेच. राजमा करते तर बरंय.’ जमिनीत वाटा मागणार नाही असं तू लिहिलंयस तेही वाचून दाखवलं. त्या दिवशी तो जेवला जास्त.

काठीचं म्हणशील तर सध्या वाळकी काठीच नाही. तीन दिवस पाऊस आणि बर्फ, सगळं ओलंचिंब. ओली काठी वाकते, मोडत नाही, आणि पंच ती मानत नाहीत. आणि आता रस्ताही बंद होईल. तेव्हा वसंतात बघू.

आणि हे गाण्याचं काय? तुझ्या ऑफिसातला रामपूरकडचा ड्रायव्हर झोपाळू नवरदेवाचं गाणं गुणगुणतो, त्यात नवरीच्या शालीवर लाळ गळते, आणि तुला टेबलाखाली शिरावंसं वाटतं. असेल बाबा. फुलांच्या जत्रेत दरवर्षी नवी गाणी येतात. बायका एकमेकींचे खांदे धरून नाचतात, तोंडातून काय बाहेर पडेल त्याचा नेम नाही. झोपाळू नवरदेव काय जगात एकच आहे? गाणं कोणी रचलं ते इथं कुणी विचारत नाही, तूही विचारू नकोस.

भगती


६ फेब्रुवारी १९९२

ग्याछो,

हे पत्र रस्ता उघडला की जाईल. तोवर फाडलं नाही म्हणजे झालं.

आज बर्फ दारापर्यंत आहे. तुझा दादा छपरावरचं बर्फ ओढून खाली टाकतोय, धप्प धप्प आवाज येतोय. पाठीचं नाव नाही. दिकित आजारी नाही पण तसं सोंग करून पडली आहे. मी खोलीत आहे, आणि बाहेर खुंटीवर तुझी टोपी आहे.

हो, तुझी. आता सांगून टाकते.

ती पहिली संध्याकाळ तुला आठवत असेल. तू रामपूरच्या कॉलेजातून सुट्टीला आलेला, ओठांवर नुकतीच मिसरूड. आमा मला म्हणाली, ‘पोरगा मोठा झाला, आता त्याचीही टोपी खुंटीवर लागू दे.’ तुला तिनेच ढकललं. तू आत आलास, कान लाल, हातात जाडजूड पुस्तक. पूल कसे बांधतात त्याचं होतं. बराच वेळ भिंतीकडे बघत बसलास आणि शेवटी म्हणालास, ‘वहिनी, तुला वाचता येतं?’ मी म्हटलं, मला मेंढ्या मोजता येतात. तू म्हणालास, ‘मग बस इथं.’

दोन हिवाळे तुझी टोपी बाहेर लागत होती. गावाला जे वाटायचं ते वाटलं, आमाला तर फारच समाधान वाटलं. आत काय चाललं होतं ते आपल्या दोघांनाच ठाऊक. बाराखडी. ‘क्ष’ काढताना मी रडकुंडीला आले आणि तू हसलास म्हणून तुला पाटी फेकून मारली होती. कपाळावर खूण असेल अजून. नवनीतला काय सांगतोस, क्रिकेट खेळताना लागलं?

आणि तू म्हणतोस ते लग्न नव्हतं. मग काय होतं ते? माझ्याशेजारी बसून कोणी मला काही शिकवावं असं माझ्या आयुष्यात आधीही झालं नाही आणि नंतरही नाही. मला तू आवडायचास. नवरा म्हणून की कसा, ते मी कधी ठरवलं नाही. ठरवायची गरज पडली नाही.

मग तू चंदीगडला गेलास. सकाळच्या बसने गेलास, आणि टोपी विसरलास. ती खुंटीवरच राहिली. संध्याकाळी तुझा दादा आला, टोपी दिसली, आणि परत फिरला. त्यानेच तुला बसमध्ये बसवलं होतं त्याच दिवशी! सवयीने फिरला असेल. मी दाराआड उभी होते. तोंडावर शाल दाबून हसले. मग दार लावलं आणि बसले.

ग्याछो, माहेरी आम्ही सहा बहिणी एका घोंगडीत झोपायचो. इथं आले तर आमा, तुम्ही दोघं, मग दिकित, आणि थंडीत कोकरंसुद्धा खोलीत. मी एकटी अशी बसले ती त्या दिवशी पहिल्यांदा. काय करायचं ते सुचेना. मग सुचलं.

गाणी मी आधीपासून रचायची. पण भाकरी थापताना आलेलं गाणं भाकरी उलटेपर्यंत निसटायचं. आता ते बसून लिहिता येतं, खोडता येतं. झोपाळू नवरदेव माझाच. सुंगनमच्या सावकाराचं लग्न माझं, तुटलेल्या पुलाचं माझं. जत्रेआधी बायका येतात, ‘भगते, यंदा काय आहे?’ मी चूल फुंकत कानात सांगते, त्या पाठ करून जातात. पलीकडच्या दऱ्यांत म्हणतात म्हणे. मला तेवढं पुरतं. नाही, खोटं कशाला बोलू, मला त्याचा फार आनंद होतो. जत्रेत दोनशे बायका एका सुरात माझी ओळ म्हणतात तेव्हा माझे पाय जमिनीवर नसतात.

तर चार वर्षं मी आठवड्यातून दोन-तीनदा तुझी टोपी स्वतःच्या हाताने बाहेर लावते आणि आत बसते. तुझा दादा येतो, बघतो, जातो. एका शब्दाने विचारत नाही.

काठी मोडली की तू या घरचा नवरा राहात नाहीस. टोपी उतरते. मग दादा एकटाच नवरा, आणि एकट्या नवऱ्याच्या घरात खुंटीला काय काम? तो वाईट नाही. तो फक्त आत येईल. दिव्याशी बसेल, पाठ चोळून दे म्हणेल, मेंढ्यांचं बोलेल. रोज. मला तुला अडकवून ठेवायचं नव्हतं रे. तू, तुझी नोकरी, तुझं मन, यातलं काही मला नको. मला तुझी टोपी हवी होती. वाळक्या काठ्या घरात ढीगभर आहेत.

भगती


२९ मार्च १९९२

ग्याछो,

तुझं पत्र वाचून दिकितने विचारलं, आई का हसतेस. मी म्हटलं, धाकटे बाबा येड्यासारखं लिहितात.

‘एवढंच ना? टोपी तूच ठेव, मी रामपूरहून नवी घेईन.’ आणि खाली नवनीतच्या हाताने, ‘दीदी, टोपी आपकी.’ तिचं अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे. पोरगी मला आवडली, हे तिला सांग.

मला हायसं वाटलं. त्याच संध्याकाळी टोपी लावली, दार लावलं, बसले. आणि गाणं येईना. दुसऱ्या दिवशीही येईना. बसून विचार केला. उद्या काठी मोडल्यावर तू कोण? पाहुणा. पाहुण्याची टोपी दाराला लावून मी आत बसणार? गाव काय म्हणेल ते जाऊ दे, मीच मला काय म्हणेन? दार माझं, खोली माझी, गाणं माझं, आणि एकटं बसायला अजून तुझ्या नावाची परवानगी. त्यात तू चंदीगडला राजमा खातोयस.

मग तुझ्या दादाला विचारलं. तो मेंढीच्या पायातला काटा काढत होता.

‘चार वर्षं ग्याछोची टोपी खुंटीवर दिसते, तुम्हाला काही वाटलं नाही?’

‘काय वाटायचं?’

‘ग्याछो चंदीगडला आहे हे माहीत होतं ना?’

‘मीच सोडून आलो त्याला बसमध्ये. मी काय येडा आहे?’

‘मग आत का नाही आलात?’

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मीच येडी. ‘टोपी होती ना,’ म्हणाला.

पुढे विचारावंसं वाटलं की काठी मोडल्यावर काय कराल. नाही विचारलं. विचारलं तर तो ‘बरं, बस तू’ म्हणेल, तसा दिलदार आहे. पण त्याने दिलेलं म्हणजे त्याचंच राहतं. थंडी वाजली, पाठ दुखली की तो ते परत घेईल, आणि मला तोंड नसेल बोलायला.

तेव्हा तू ये. वैशाखीनंतर, रस्ता सुकला की. नवनीतलाही आण. टोपी घेऊन जा. लग्नात तीच घाल, नवी घेऊ नकोस. आतला लाल दोरा आमाने शिवलेला आहे, आपल्या तिघांच्या टोप्या सारख्या म्हणून ओळखायला. आमा असती तर तिने तुला आधी बदडलं असतं आणि मग घातली असती.

माझं काय होईल ते होईल. मला भीती वाटते आहे, पण तू त्यावर काही लिहू नकोस.

भगती


२१ एप्रिल १९९२

ग्याछो,

पोचलात का? नवनीतला येताना बसमध्ये जेवढ्या उलट्या झाल्या तेवढ्याच जाताना झाल्या असतील. तिला सांग, इथं लग्न करून येणाऱ्या सगळ्यांचं असंच होतं, फरक एवढाच की ती परत गेली.

काल तू पंचांपुढे रडलास. मला वाटलं नव्हतं. काठी पहिल्या झटक्यात मोडली नाही त्याला कारण तुझे हात. मऊ झालेत. तू नुसता ओढत होतास, मी धरून होते, आणि म्हातारा पंच ओरडला, ‘अरे ओढता काय, मोडायचीय ती!’ सगळा चौक हसला. नवनीतही हसली आणि मग तिने पटकन तोंडावर हात ठेवला. मग मीच माझ्या टोकाकडून मोडली. तुझं अर्धं तू खिशात टाकलेलं मी पाहिलं. माझं अर्धं मी चुलीत घातलं. वाळकं होतं, लगेच पेटलं.

मी चौकात रडले नाही. घरी येऊन कांदा चिरताना रडले, सोयीचं पडतं ते. पंधरा वर्षं होतास तू या घरचा नवरा. आता दिकितने तुला काय म्हणायचं ते मला ठरवता येईना, तर ती म्हणाली, ‘धाकटे बाबाच म्हणणार, काठी मी थोडीच मोडली?’

नवनीतने मला एकटीला गाठून विचारलं होतं, ‘दीदी, तुम्हाला दुःख होतंय का?’ मी म्हटलं, होतंय. तर ती तशीच हात धरून बसून राहिली. ही राजम्यापेक्षा मोठी गोष्ट आहे. तिला नीट वागव. नाहीतर गाणं करीन, आणि या वेळी नाव घालीन.

आता कालच्या संध्याकाळचं.

तुमची बस वळणावरून दिसेनाशी झाली. तुझी टोपी तुझ्या डोक्यावर गेली. खुंटी मोकळी. मी बराच वेळ तिच्यासमोर उभी होते. मग डोक्यावरची टोपी काढली आणि लावली. माझी. इथं बाई उघड्या डोक्याने बसत नाही, तुला माहीत आहे. कानांना गार लागत होतं. दार लावलं, दिवा लावला, बसले. हात मांडीखाली घातले.

तुझा दादा आला. पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. टोप्या तिन्ही सारख्या, पण एक गेली चंदीगडला आणि एक त्याच्या डोक्यावर. हिशेब त्याला कळला असणार. तरी त्याने विचारलं.

‘ही कुणाची?’

‘माझी.’

‘तू आत आहेस?’

‘आहे.’

‘आणि कोण आहे?’

‘कुणी नाही. मीच आहे.’

मला त्याचा श्वास ऐकू येत होता. कडीकडे हात गेलेला कळला, कडी जरा वाजली. मी उठले नाही, कडी धरायला गेले नाही. मनात म्हटलं, काढतोय टोपी, काढेल आता. मग तो खोकला.

‘भाकऱ्या मी टाकू का?’

‘टाका.’

‘फाफऱ्याच्या पिठाच्या?’

‘फाफऱ्याच्या. जाड नका करू.’

पावलं चुलीकडे गेली. दिकितला म्हणताना ऐकू आलं, ‘आईला हाक मारू नको, टोपी आहे.’ अगदी साध्या आवाजात म्हणाला, तुझ्या टोपीबद्दल म्हणायचा तसंच.

हे पत्र तेव्हाच मनात सुरू केलं होतं, आज कागदावर उतरवते आहे. आजही टोपी बाहेर आहे. काठीचं गाणं निम्मं झालं आहे, त्यात मऊ हाताचा एक माणूस आहे, पण नाव नाही. यापुढे पत्राच्या डोक्यावर ‘वहिनी’ लिहिलंस तरी चालेल, आता ते खरं आहे. खाली मीही आज माझं पूर्ण नाव लिहिते.

भाकऱ्यांचा वास येतोय. आजही जाड केल्या असणार, आणि करपवल्यात. मी काही उठलेले नाही.

ज्ञानभगती